हा तोच पक्षी कशावरून?

१. प्रश्न धरणकाठचा

डिसेंबर-जानेवारीत शेवगाव किंवा नेवासे तालुक्यातून नाथसागराच्या काठावर गेलं आणि चिखलात चरणारा पट्टकादंबांचा थवा दिसला, की बरोबरचा नवखा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. हे आले कुठून? आणि उन्हाळ्यात जातात कुठे? पक्ष्यांचा नाद असलेलं कुणी सोबत असलं तर ‘तिबेट, मंगोलिया’ असं उत्तर लगेच मिळतं. मग येतो तिसरा प्रश्न, तोच खरा अडचणीचा. ‘पण हे तुम्हाला कळलं कसं? पक्ष्याने सांगितलं का?’

या प्रकरणात त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे.

अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) पावसाच्या बाबतीत कमनशिबी. सह्याद्रीच्या कुशीतला अकोले तालुका सोडला, तर बाकीचा बराचसा मुलूख पर्जन्यछायेतला. तरी हिवाळी पाहुण्यांना तो मानवतो. जिल्ह्याच्या पूर्वेला गोदावरीवरचा नाथसागर आहे. जायकवाडी धरणाचं लोकार्पण १९७६ साली झालं, मागे उथळ पाण्याचा मोठा फुगवटा तयार झाला आणि दहा वर्षांत, १९८६ साली, तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झालं. दक्षिणेला भीमेवरच्या उजनीचं पाणी कर्जत तालुक्याच्या शिवेला लागतं. याच कर्जतमध्ये रेहेकुरीचं सुमारे सव्वादोन चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. ते काळविटांसाठी राखलेलं, पण तिथल्या आणि श्रीगोंद्याच्या माळांवर थंडीत भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गवताला अगदी चिकटून तरंगत असतात. हे सगळे परदेशी.

आणि पाहुणे ओळखायला धरणावरच जायला हवं असंही नाही. जामखेड-पाथर्डीकडच्या कुठल्याही ज्वारी पिकवणाऱ्याला विचारावं. कणसात दाणा भरला की भोरड्यांचे थवे उतरतात, आणि घरातलं एक माणूस गोफण घेऊन दिवसभर माळ्यावर उभं राहतं. भोरडी म्हणजे गुलाबी मैना, कुठे पळसमैनाही म्हणतात. ज्वारी निघाली, पळस-पांगारा फुलला, की ती फुलांवर गर्दी करते. एप्रिल सरता सरता सगळा थवा नाहीसा. उन्हाळ्यात ती मध्य आशियातल्या कोरड्या, खडकाळ गवताळ मुलखात पिलं वाढवते आणि तिथे टोळ-नाकतोडे खाते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून तिच्या घरट्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात. नगरचा शेतकरी जिला गोफणीने हाकलतो, तिला तिकडे राहायला जागा करून देतात!

पण इथे शंकेला जागा आहे. भोरडी हिवाळ्यात नगरला दिसते, उन्हाळ्यात शिनजियांगमध्ये दिसते. दोन्ही एकाच जातीच्या, हे खरं. नगरची भोरडी तिकडेच जाते, की कझाकस्तानात, की आणखी कुठे? जात ओळखून हे कळत नाही. थव्यातला एक पक्षी धरून त्याला ओळख द्यावी लागते, आणि तोच पक्षी दुसरीकडे सापडावा लागतो.

२. व्हिबोर्गचे शाळामास्तर

पक्षी ऋतूप्रमाणे का गायब होतात, याबद्दल माणसाने शतकानुशतकं काय काय मानलं! ॲरिस्टॉटलच्या मते काही पक्षी हिवाळ्यात चक्क दुसऱ्या जातीचे होत. पाकोळ्या तळ्याच्या तळाशी चिखलात झोपतात, अशी समजूत युरोपात अठराव्या शतकापर्यंत टिकून होती. १८२२ साली उत्तर जर्मनीत एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत पाऊण मीटर लांबीचा लाकडी भाला आरपार रुतलेला होता. भाला निघाला मध्य आफ्रिकेतला. जखम घेऊन हा पक्षी एवढ्या लांबून आला होता! रोस्टॉकच्या विद्यापीठात तो पेंढा भरून अजून ठेवलेला आहे. स्थलांतराचा हा पहिला ठसठशीत पुरावा म्हणायचा, पण अशा अपघातांवर शास्त्र उभं राहत नाही.

खूण मुद्दाम, पद्धतशीर आणि पक्ष्याला इजा न करता लावायची, हे जमवलं डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावच्या एका शाळामास्तरांनी. त्यांचं नाव हान्स ख्रिस्टियान मॉर्टेन्सेन. १८९० साली त्यांनी साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायात जस्ताची कडी घातली, पण ती जड झाली. १८९९ साली त्यांनी ॲल्युमिनियमची पट्टी वळवून हलकी कडी केली, प्रत्येक कड्यावर क्रमांक आणि पत्ता कोरला आणि १६५ पक्षी सोडून दिले. कुणाला पक्षी सापडला तर त्याने पत्र पाठवावं, एवढीच अपेक्षा.

पद्धत त्यानंतर सव्वाशे वर्षांत मुळातून बदललेली नाही. हलकं कडं, कधीही दुसऱ्याला न दिलेला क्रमांक आणि कळवायचा पत्ता. त्यातलं सर्वांत कच्चं अंग पत्त्याचं. कारण पुढचं सगळं, हजारो किलोमीटरवरच्या एखाद्या अनोळखी माणसाने पत्र लिहिण्याची तसदी घेतली तरच!

३. माकडताप आणि मुंबईचं कडं

भारतात हे काम बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, हाती घेतलं. १८८३ साली मुंबईत ज्या आठ जणांनी ही संस्था काढली त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात माळव्यातल्या धार संस्थानात, तिथल्या महाराजांच्या पुढाकाराने, पाणपक्ष्यांना पहिली कडी घातली गेली. पण तेव्हा तो हौसेचाच मामला होता. त्याला जोर आला तो एका रोगामुळे.

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसांनाही ताप येऊ लागला. आजही सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात ज्याला माकडताप म्हणतात, तोच हा. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आताची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) तपास केला. विषाणू गोचिडांतून पसरतो असं दिसलं, आणि तो सायबेरियातल्या ओम्स्क भागातल्या एका तापाच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. मग साहजिक शंका आली: सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांबरोबर तर हा रोग आला नसेल?

याचं उत्तर शोधायचं तर कोणता पक्षी कुठून कुठे जातो हे आधी माहीत हवं, आणि ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला, पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी धुरा घेतली आणि साठच्या दशकात कच्छ, भरतपूर, तमिळनाडूतलं पॉइंट कॅलिमिअर अशा ठिकाणी कडी घालण्याची मोठी शिबिरं सुरू झाली. रोग पक्ष्यांनी आणला हे काही सिद्ध झालं नाही. मात्र त्या निमित्ताने पक्ष्यांच्या प्रवासाची माहिती रग्गड जमली.

पुढे या कामाला अमेरिकी लष्कराशी निगडित एका संशोधन कार्यक्रमाचाही पैसा मिळाला. त्यावरून सत्तरच्या दशकात गहजब झाला. पक्ष्यांमार्फत जंतुयुद्धाची तयारी चालली आहे का, असा सवाल वृत्तपत्रांनी केला आणि प्रकरण संसदेपर्यंत गेलं. पक्ष्याच्या पायातलं कडं दिसलं की लोकांना हेरगिरी आठवते. हे खूळ जुनंच आहे, आणि त्याचं अगदी अलीकडचं मुंबईचं उदाहरण पुढे येईलच.

या सगळ्यातला एक भाग पुस्तकांतून फार कमी सांगितला जातो. पक्षी धरायचे कुणी? प्राणिशास्त्राच्या पदव्या असलेल्यांना ते येत नव्हतं. सालिम अलींनी बिहारमधून मीरशिकार समाजातले लोक बोलावले. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून विकणारे हे लोक. पानांच्या आडोशाने इंचाइंचाने सरकायचं, पक्ष्याच्या चालीचा अंदाज घेऊन फास मांडायचा आणि त्याचं एक पीसही न मोडता हातात घ्यायचं, हे त्यांचं कसब. नगर जिल्ह्यातले फासेपारधी या विद्येला परके नाहीत. अकोला-वाशीमकडे तर दुर्मीळ तणमोराचा माग काढण्याच्या कामात फासेपारधीच अभ्यासकांच्या सोबत उभे राहिले. कडी घालण्याच्या इतिहासात शास्त्रज्ञांच्या बरोबरीने या मंडळींची नावं यायला हवीत.

आजवर बीएनएचएसने लाखो पक्ष्यांना कडी घातली आहेत. त्या नोंदींतून २०१८ साली भारतीय पक्ष्यांच्या स्थलांतराचा नकाशासंग्रह निघाला. एस. बालचंद्रन, तुहिना कट्टी आणि रणजित मनक्कडन यांनी तो केला.

४. पहाटेचं जाळं

पक्षी पकडून कडं घालणं नेमकं कसं चालतं?

आधी परवानगी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानपक्षी पकडणं हा गुन्हा आहे, मग उद्देश कितीही चांगला असो. संशोधनासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि कडं घालणारा माणूस शिकून तयार झालेला असावा लागतो. त्यामुळे उत्साहाच्या भरात कुणी घरच्या घरी हा प्रयोग करू नये.

छोट्या पक्ष्यांसाठी वापरतात ते जाळं केसासारख्या बारीक धाग्याचं, काळपट, साधारण बारा मीटर लांब आणि माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत उंच. दोन काठ्यांना ते उभं ताणतात. जाळ्यात आडव्या दोऱ्यांमुळे खिशासारख्या झोळ्या पडतात. झुडपाच्या पार्श्वभूमीवर पहाटेच्या मंद उजेडात ते दिसत नाही. पक्षी येऊन आदळतो आणि झोळीत अलगद पडून राहतो. वारा सुटला की जाळं फडफडतं, पक्ष्याला दिसतं, आणि अडकलेल्याचे हालही होतात. म्हणून काम पहाटेचं. मार्चमध्ये नगरकडे ऊन चढायच्या आत जाळी गुंडाळावीच लागतात, नाहीतर अडकलेला पक्षी उन्हाने मरायचा. दर वीस-तीस मिनिटांनी फेरी मारून पाहणं सक्तीचं.

समजा, जाळ्यात पिवळा धोबी सापडला. शेपटी वर-खाली करत ओल्या रानात फिरणारा हा पक्षी, वजन अठरा-वीस ग्रॅम. रात्री तो पाणकणसाच्या बेटात नाहीतर उसाच्या फडात थव्याने मुक्काम करतो. तो आधी सुती पिशवीत जातो. अंधारात पक्षी शांत राहतो. मग हात आत घालून त्याला अशा बेताने धरतात, की मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत यावी आणि पाठ तळहाताला टेकावी. दाब कुठेच नाही. पक्ष्याला छातीचा भाता हलवायला मोकळीक हवी. मूठ घट्ट झाली तर तो गुदमरतो. काळजाची धडधड मात्र हाताला स्पष्ट लागते.

पायाची जाडी बघून त्या मापाचं कडं निवडतात. कडं आधी अर्धवट उघडं असतं. ते पायात सरकवून खास पकडीने दाबतात आणि दोन्ही टोकं नेमकी जुळवतात. फट राहिली तर गवताची काडी अडकेल, टोकं एकमेकांवर चढली तर पाय कापेल. धोब्याच्या कड्याचं वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असतं. त्यावर क्रमांक, आणि इंग्रजीत ‘इन्फॉर्म’ हा शब्द लिहून मुंबईच्या सोसायटीचं नाव.

कडं घातलं की मोजमाप सुरू: पंखाची लांबी, पायाची लांबी, वजन, पिसांची झीज. शेवटचं काम पाहणाऱ्याला गमतीचं वाटतं. पक्षी उताणा धरून त्याच्या पोटावर हळूच फुंकर मारतात. पिसं बाजूला होतात आणि खालची कातडी दिसते. ती इतकी पातळ असते की आरपार दिसावं. गळ्याच्या खळग्यात आणि पोटावर लोण्यासारखा पिवळट थर दिसला तर ती चरबी, पुढच्या प्रवासाची शिदोरी. जानेवारीत हा खळगा जवळपास रिकामा असतो. मार्चअखेरीस तो भरून वर येतो. लांब पल्ल्याचे काही छोटे पक्षी निघायच्या आधी आपलं वजन जवळपास दुप्पट करतात. वसंतातल्या कडी घालण्याला महत्त्व आहे ते यामुळे. पक्षी कुठे राहतो एवढंच त्यातून कळत नाही. तो निघण्याच्या तयारीत आहे का, ते कळतं. आणि एखाद्या पाणथळीवर चरबी चढतच नसेल, तर तिथलं खाणं आटलं आहे याची ती पहिली खूण.

सगळं उरकायला दोन-तीन मिनिटं. मग तळहात उघडायचा.

५. कड्याला काय कळतं, काय नाही

पोस्टकार्ड टाकून उत्तराची वाट पाहण्याचा हा धंदा, त्यामुळे पदरी फार थोडं पडतं. छोट्या पक्ष्यांना घातलेल्या शेकडो कड्यांमागे एखादंच पुन्हा कुणाच्या नजरेला पडतं. शिवाय जे कळतं ते एसटीच्या तिकिटासारखं: कुठे चढला आणि कुठे उतरला. मधे गाडी कुठे थांबली, कुठल्या घाटाने गेली, हे तिकिटावर नसतं.

तरी ही दोन टोकं पुष्कळ बोलतात. वयाचंच घ्या. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर १९५६ साली एका अल्बट्रॉस मादीला कडं घातलं होतं. ती त्या वेळीच प्रौढ होती. पुढे तिचं नाव ‘विज्डम’ पडलं आणि २०२४ सालीही ती त्याच बेटावर अंडं घालताना दिसली. म्हणजे वय सत्तरीच्या पुढे! पायात क्रमांक नसता तर या वयाचा पत्ता कुणाला लागला असता?

दुसरा उपयोग मोजणीचा. गवताळ माळावर किंवा पाणकणसात लपणारे पक्षी मोजायचे कसे? समजा, एका बेटात पहिल्या दिवशी ५० धोबी पकडले, कडी घालून सोडले. काही दिवसांनी त्याच ठिकाणी पुन्हा ४० पकडले, त्यांत ८ जणांच्या पायात कडी निघाली. म्हणजे पकडलेल्यांत दर पाचांमागे एक कडीवाला. सगळ्या थव्यातही हेच प्रमाण असेल असं धरलं, तर ५० कडीवाले हा थव्याचा पाचवा हिस्सा, म्हणून थवा अंदाजे २५० चा. मधल्या काळात बरेचसे पक्षी निघून गेले किंवा नवे आले, तर हे गणित फसतं. वसंतात तर रोज कुणी येतं, कुणी जातं, त्यामुळे अशी मोजणी थंडीच्या मध्यावर करावी, जेव्हा पाहुणे बूड टेकून बसलेले असतात.

मोठ्या पक्ष्यांच्या बाबतीत पुन्हा पकडण्याची गरजच पडू नये, अशी सोय नंतर निघाली. मंगोलियात पट्टकादंबांच्या गळ्यात रंगीत पट्टे घातले जातात, त्यावर मोठी अक्षरं. दुर्बिणीतून ती लांबूनच वाचता येतात. असे पट्टेवाले कादंब कर्नाटकातल्या तलावांवर वाचले गेले, आणि मंगोलिया ते दख्खन हा धागा जोडला गेला. चिखलात चरणाऱ्या तुतवारांच्या तंगडीला असेच छोटे रंगीत झेंडे लावतात. कोणत्या देशाने कोणता रंग वापरायचा, ते आपसात ठरलेलं असतं. त्यामुळे साधा छायाचित्रकारही आता या कामाचा भागीदार झाला आहे.

६. दिवसाच्या लांबीवरून गाव ओळखणं

मधला प्रवास कळावा म्हणून जी यंत्रं आली, त्यांतलं सर्वांत साधं यंत्र फक्त एकच गोष्ट करतं: उजेड किती आहे ते वेळेसकट नोंदवत राहतं. वजन ग्रॅमभर किंवा त्याहून कमी. यावरून पक्षी कुठे होता ते कसं कळावं?

दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. पहिली, सूर्य माथ्यावर येण्याची वेळ पूर्व-पश्चिमेप्रमाणे बदलते. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, नगर पावणेपंचाहत्तर अंशाच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं, म्हणून नगरला खरी दुपार बाराला होत नाही, सरासरी साडेबाराला होते. दुसरी, दिवसाची लांबी उत्तर-दक्षिणेप्रमाणे बदलते. १ मे रोजी नगरला दिवस साधारण १२ तास ५० मिनिटांचा. त्याच दिवशी थेट उत्तरेला कझाकस्तानात, पन्नास अंश अक्षांशावर, तो सुमारे १४ तास ४० मिनिटांचा.

आता यंत्रात १ मेची नोंद अशी दिसली, की दुपार नगरच्याच वेळेला झाली पण दिवस मात्र पावणेदोन-दोन तासांनी मोठा. पक्षी पूर्वेला-पश्चिमेला फारसा सरकला नाही, सरळ उत्तरेला गेला. झालं!

यात खोच अशी, की २१ मार्चच्या आसपास पृथ्वीवर सगळीकडे दिवस-रात्र सारखे असतात. नगरलाही बारा तास, कझाकस्तानातही बारा तास. म्हणजे पक्षी निघायच्या ऐन हंगामात हे यंत्र काही आठवडे उत्तर-दक्षिण सांगायला मुकं होतं. आणि नोंदी वाचण्यासाठी तोच पक्षी वर्षभराने पुन्हा पकडावा लागतो, ही दुसरी पंचाईत.

७. पाठीवरचं यंत्र

उपग्रहाशी किंवा मोबाइलच्या मनोऱ्यांशी बोलणारी यंत्रं आली आणि पुन्हा पकडण्याचं झंझट संपलं. उरला प्रश्न वजनाचा. पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांहून अधिक भार त्याच्यावर टाकू नये, असा दंडक आहे. दोन किलोच्या पट्टकादंबाला साठ ग्रॅमचं यंत्र चालतं. अठरा ग्रॅमच्या धोब्याला अर्ध्या ग्रॅमच्या वर काही लादायचं नाही, आणि म्हणूनच त्याचं बहुधा साध्या कड्यावर, नाहीतर उजेड नोंदवणाऱ्या हलक्या यंत्रावरच भागतं.

कादंबांच्या पाठीवरच्या यंत्रांनी हिमालयावरची मोठी दंतकथा तपासली. हे पक्षी एव्हरेस्टच्याही वरून जातात असं बोललं जाई. नोंदींत सर्वाधिक उंची आली ती ७,२९० मीटर. एव्हरेस्टच्या खाली, पण माणसाला धाप लावायला पुरेशी. त्याहून अचंब्याची गोष्ट म्हणजे दुपारी दरीतून वर चढणाऱ्या वाऱ्याची फुकटची मदत ते घेत नाहीत. रात्री आणि पहाटे, हवा थंड आणि दाट असताना, पंख मारत सात-आठ तासांत हिमालय चढतात. आणि ही रात्रीची चढाई वसंतात उत्तरेकडे जाताना, म्हणजे नाथसागरासारख्या पाण्यांवर महिनोन्‌महिने खाऊन झाल्यावर.

नागालँडमध्ये २०१३ साली तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमची यंत्रं बसवली. त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. पाठोपाठच्या वर्षांतल्या नोंदींतून दिसलं की दीडशे ग्रॅमचे हे पक्षी भारताचं द्वीपकल्प ओलांडतात आणि पुढे न थांबता अरबी समुद्रावरून सोमालियाकडे जातात. मंगोलियात २०१९ साली यंत्र बसवलेल्या ओनोन नावाच्या कोकीळकुळातल्या पक्ष्याने याच समुद्राची उलटी वाट दाखवली. २० मार्च २०२० ला तो झांबियातून निघाला, सोमालियापासून समुद्र पार करून थेट मध्य प्रदेशात येऊन थांबला आणि मे संपता संपता मंगोलियात पोचला. बारा हजार किलोमीटर! तो समुद्र पार करायला निघाला ते मेच्या सुरुवातीला, आफ्रिकेकडून भारताकडे वाहणारे मोसमी वारे जोर धरू लागतात त्या सुमाराला. आपल्याकडे खरिपाची औतं ज्या वाऱ्यांच्या आशेवर बाहेर काढतात, त्याच वाऱ्यांच्या पाठबळावर हा पक्षी घरी जातो.

मुंबईचं उदाहरण तर घराजवळचं. जानेवारी २०२२ मध्ये ठाणे खाडीत बीएनएचएसने सहा रोहित पक्ष्यांना मोबाइलच्या जाळ्यावर चालणारी यंत्रं लावली. सालिम, हुमायून, मॅक्कॅन, लेस्टर, खेंगारजी आणि नवी मुंबई अशी त्यांची नावं. सालिम आणि हुमायून ही अर्थातच सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली या पक्षितज्ज्ञांची आठवण. उन्हाळा सरताना आणि पावसाच्या तोंडावर यांतले पक्षी गुजरातच्या किनाऱ्याकडे गेले. खाडीतलं खाणं आणि गुजरातेतली ठिकाणं एकाच संसाराची दोन दालनं आहेत, हे त्यातून नकाशावर उमटलं. एका राज्याने खाडी राखली आणि दुसऱ्याने मिठागरं बुजवली तर उपयोग नाही. मध्य आशियाई हवाई मार्ग म्हणून ओळखला जाणारा पट्टा तर तीस देशांतून जातो, आणि नगर जिल्हा त्याच पट्ट्यात येतो.

८. कडं सापडलं तर

मे २०२३ मध्ये चेंबूरजवळच्या पिरपाव जेट्टीवर एक कबुतर सापडलं. पायांत कडी, पंखांवर चिनीसारखी दिसणारी अक्षरं. पोलिसांनी ते ताब्यात घेतलं. हेर असल्याचा संशय. परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात ते आठ महिने पिंजऱ्यात राहिलं. अखेर कळलं, की तैवानमधल्या कबुतरांच्या शर्यतीतून भरकटलेला हा गडी. जानेवारी २०२४ मध्ये त्याला सोडून दिलं.

कबुतराच्या पायातलं कडं बहुधा मालकाचं असतं, संशोधकाचं नव्हे. रानपक्ष्याच्या कड्यावर मात्र एखाद्या संस्थेचं नाव, देश किंवा शहर आणि क्रमांक असतो. फरक करायला एवढं पुरतं.

तेव्हा ज्वारीच्या रानात मेलेली भोरडी मिळाली, उजनीच्या कोळ्याच्या जाळ्यात बदक अडकलं, किंवा नाथसागरावर काढलेल्या फोटोत तंगडीवर झेंडा दिसला, तर करायचं काय? पक्षी जिवंत असेल तर कडं काढायचं नाही. ते ओढून काढताना पाय मोडतो, आणि पक्ष्याची पुढची सगळी नोंदही संपते. कड्यावरची सगळी अक्षरं, अगदी अर्थ न लागणारीसुद्धा, जशीच्या तशी उतरवून घ्यायची. फोनवर सगळ्या बाजूंनी फोटो काढला तर उत्तम. रंगीत कडी किंवा झेंडे असतील तर कोणत्या पायात, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, वरून खाली रंग कोणते, हे लिहायचं. उजवा पाय म्हणजे पक्ष्याचा उजवा, पाहणाऱ्याचा नव्हे; निम्म्या चुका इथेच होतात. तारीख आणि गाव-शिवार लिहायचं. पक्षी मेलेला असेल तर कडं काढून, सरळ करून कागदाला चिकटवून ठेवता येतं, मात्र मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. मग ही माहिती मुंबईच्या बीएनएचएसला किंवा जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात द्यायची. कडं परदेशी असलं तरी चालतं, कारण कुणाचा क्रमांक कुणाकडे पाठवायचा हे संस्था एकमेकींना कळवतात. उलट टपाली समजतं ते एवढंच: या पक्ष्याला कडं कधी घातलं, कुठे घातलं आणि तेव्हा तो पिल्लू होता की प्रौढ.